दहा हजारावा ठोका

नाशिकच्या सातपूरमध्ये नवीन माणूस भेटला की मी आधी त्याच्या हातांकडे बघते, चेहऱ्याकडे मग. सवय चांगली नाही. लग्नकार्यांत त्यावरून नवऱ्याने मला कितीदा कोपर मारलं आहे. पण बत्तीस वर्षं पॉवर प्रेसचे कंट्रोलर बनवलेल्या बाईची नजर दुसरीकडे कुठे जाणार? पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापायचं, वाकवायचं यंत्र. दोन खांबांच्या मधून एक भलामोठा लोखंडी ठोकळा वर-खाली होतो, त्याच्या खाली साचा असतो, त्याला डाय म्हणतात. कामगार डायवर पत्रा ठेवतो, पायाने पेडल दाबतो, ठोकळा दाणकन खाली येतो, वर जातो आणि थांबतो. मग कामगार आत हात घालून तयार पीस काढतो आणि नवा पत्रा ठेवतो. एका शिफ्टमध्ये हे तीन हजार वेळा तरी होतं. ठोकळा वर जाऊन थांबला पाहिजे, कारण त्या वेळी हात आत असतो. तो थांबवणारा डबा मी बनवायचे.

भाऊसाहेबांच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. बाकीची दोन ज्या प्रेसमध्ये गेली, तिच्यावर माझा डबा होता.

हे वाक्य मी सतरा वर्षं कुठेही लिहिलं नव्हतं. आता लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी एका पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या सर्किट बोर्डाने मला त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. प्रश्न साधा होता. ठोकळा दुसऱ्यांदा खाली आला तो भाऊसाहेबांचा पाय पेडलवर राहिला म्हणून, की माझा प्रोग्राम चुकला म्हणून? हे उत्तर मला हवंही होतं आणि नकोही होतं.

भाऊसाहेब तेव्हा ज्या वर्कशॉपमध्ये होते तिथे एक पद्धत होती. एखाद्या डायने मध्ये घासून धार लावायला न लागता दहा हजार पीस काढले की त्या डायपुढे नारळ फोडायचा. सातपूरमध्ये दुसरीकडे कुठे मी हे पाहिलं नाही. बाकी सगळीकडे शिफ्ट संपली की सुपरवायझर काउंटरवरचा आकडा उतरवून घेतो आणि बटण दाबून पुन्हा शून्यावर आणतो. या पठ्ठ्यांनी नारळासाठी काउंटर तीन दिवस शून्यावर आणलाच नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी दहा हजारावा पीस यायचा होता आणि नारळ शेजारच्या टेबलावर शेंडी वर करून बसला होता. प्रेसवर भाऊसाहेब होते.

चौकशीच्या वेळी भाऊसाहेब पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "मी पाय उचलला व्हता, सायेब. काउंटरवर चार शून्यं दिसली, अन् प्रेस आली." चार शून्यं कुठून येतील, असं मालकाने विचारलं. काउंटर तर कुणी शून्यावर आणलाच नव्हता. माणूस घाबरला होता, काहीतरी भलतंच दिसलं असेल, असं ठरलं. मग कुणीतरी म्हणालं की याचं लक्ष नारळाकडे आणि काउंटरकडे होतं, त्या नादात पाय पेडलवरच राहिला. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. मला विचारलं, "मॅडम, काउंटरचा आणि प्रेस थांबण्याचा काही संबंध आहे का?"

मी म्हणाले, "काही संबंध नाही."

आवाजही चढा लागला होता माझा. कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं आणि सगळे चहा प्यायला उठले.

नंतर मी ऑफिसात प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचला. दोन दिवस डबा टेबलावर चालवून बघितला. शोधायचं नसलं की माणूस कसा शोधतो, ते मला तेव्हा कळलं. मी दर वेळी चारशेपर्यंतच ठोके मोजले, सगळं ठीक आहे म्हणाले आणि फाइल बंद केली. मात्र त्याच आठवड्यात आमच्या प्रत्येक डब्याला बाहेरून एक वेगळा रिले, विजेचा एक खटका, जोडायला सांगितला, म्हणजे प्रोग्रामने काहीही केलं तरी ठोकळा वर थांबेलच. कंपनीतल्या आमच्या साहेबांनी कारण विचारलं तर मी म्हणाले, "काळजी म्हणून." आणखी एक केलं. भाऊसाहेबांना आमच्याकडे टेस्टिंगला घ्या, असा हट्ट धरला. साहेबांना वाटलं, बाईला दया आली. मीही तसंच वाटू दिलं.

टेस्टिंगला आल्यावर भाऊसाहेबांनी आमचे सगळे नियम धाब्यावर बसवले. आता प्रेससमोर उजेडाचा पडदा असतो, भाऊसाहेबांच्या त्या जुन्या प्रेसला तो नव्हता. त्यात काही आडवं आलं की ठोकळा जागच्या जागी थांबला पाहिजे. आम्ही तो तपासायला एक काळी प्लास्टिकची कांडी वापरायचो. भाऊसाहेबांनी ती बघून नाक मुरडलं. त्यांचं घर गंगापूर धरणाच्या अंगाला, भाजी आणि फुलं पिकवणारं. दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून गिलकं, म्हणजे घोसाळं, घेऊन आले, काठीला बांधलं आणि चालू प्रेसमध्ये घातलं. "हाताला हाड असतंय, कातडं असतंय. कांडीला काय कळनार?" गिलकं शाबूत बाहेर आलं तरच डबा पास. फाटलं तर नापास, आणि त्या दिवशी भाऊसाहेब कुणाशी बोलायचे नाहीत. मोठ्या कंपन्यांचे सूट घातलेले तपासनीस आमच्याकडे आले की आधी गिलक्यांच्या टोपलीकडे बघून हसायचे. नंतर भाऊसाहेबांचा हात दिसला की हसायचे थांबायचे.

या धंद्यात गिऱ्हाइकंही भारी भेटतात. इगतपुरीच्या एका भात गिरणीचं विजेचं पॅनल पावसाळाभर बंद पडायचं. तिथला पाऊस भिंतीतून झिरपतो. मालकाला सांगितलं, आत एक बल्ब लावून ठेवा, ओल धरणार नाही. पुढच्या खेपेला पॅनल उघडलं तर बल्ब व्यवस्थित होता आणि त्याच्याभोवती जाळीवर पापड वाळत घातले होते. मालकीणबाई निरागसपणे म्हणाल्या, "ऊब वाया जात होती ना ताई." पॅनल त्या वर्षी एकदाही बंद पडलं नाही, म्हणून मी पापडांबद्दल अहवालात काही लिहिलं नाही. आणि निघताना बांधून दिलेले पापड घेऊन आले.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालेली होते, पण आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून जायचे. केतकी नावाची बत्तीस वर्षांची इंजिनियर आता माझ्या खुर्चीवर बसते. हुशार आहे आणि कुणाला घाबरत नाही, दोन्ही गोष्टी एकदम मिळणं अवघड. तिने नवा कंट्रोलर बनवायचं ठरवलं आणि त्यात मायक्रोकर्नल वापरायचं म्हणाली. मी म्हणाले, "आमच्या वेळी चिपमध्ये एकशे अठ्ठावीस अक्षरं मावायची जागा होती. तेवढ्यात प्रेस चालवली आम्ही." ती शांतपणे म्हणाली, "म्हणूनच तर मॅडम. सगळे एकाच खोलीत झोपत होते."

ती काय म्हणाली ते सांगते. यंत्रातल्या छोट्या संगणकात बरीच कामं एकाच वेळी चाललेली असतात. एक काम ठोके मोजतं, एक आकडे दाखवतं, एक पेडल बघतं, एक ठोकळा थांबवतं. माझ्या जुन्या डब्यात ही सगळी कामं एकाच जागेत, एकमेकांच्या सामानाला हात लावत चालायची. मायक्रोकर्नल म्हणजे अगदी छोटा गाभा. तो स्वतः जवळपास काहीच करत नाही. फक्त प्रत्येक कामाला वेगळी खोली देतो, दारावर बसतो आणि कुणाला कशाला हात लावायची परवानगी आहे ते बघतो. आमचं घराणं पंचवटीतलं, यात्रेकरूंची पूजाअर्चा करणारं. माझी काकू सोवळ्यात स्वयंपाक करायची तेव्हा ओट्यापाशी तिच्याशिवाय कुणी जायचं नाही, मीठ हवं असेल तर लांबून मागायचं. मी केतकीला म्हणाले, "म्हणजे तुझा गाभा सोवळ्यातला." ती म्हणाली, "हो, पण जात बघत नाही, फक्त परवानगी बघतो."

केतकीने मागवला होता तशा बोर्डाबरोबर नेहमी एक नमुन्याचा प्रोग्राम येतो. तो काही करत नाही. एक ओळ छापतो, दिवा लुकलुकवतो आणि आपण जिवंत आहोत एवढं सांगतो. तो चालला की पुढचं सगळं चालवता येतं, आणि चालला नाही तर महिनाभर डोकं आपटावं लागतं. आम्ही तीन आठवडे आपटलं. बोर्डाला वीज दिली की लाल दिवा लागायचा आणि संगणकाच्या पडद्यावर काहीच यायचं नाही. काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. यंत्र बिघडलेलं असेल तर ते आवाज करतं, तापतं, वास येतो. हे नुसतं गप्प बसायचं, आणि गप्प बसलेल्याला काय विचारणार?

शेवटी कळलं की नमुना ज्या बोर्डासाठी लिहिला होता त्याच्या पुढची आवृत्ती आमच्याकडे आली होती. बोलायच्या तारा दुसऱ्याच पिनांवर गेल्या होत्या. तो बिचारा तीन आठवडे रोज बोलत होता, फक्त आम्ही कान चुकीच्या भिंतीला लावला होता. केतकीने तीन तारा उपटून दुसरीकडे खोचल्या, बोर्ड पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर ओळी धावल्या. गाभा सुरू झाला, खोल्या तयार झाल्या, पहिला प्रोग्राम सुरू झाला. आम्ही दोघी ओरडलो. मागच्या टेबलावरून भाऊसाहेब म्हणाले, "काय झालं, पास झाल्या का?"

मग मी माती खाल्ली. मला तो दिवा लुकलुकायचा वेग बदलायचा होता. बत्तीस वर्षं मी दिवा लावायचा म्हणजे चिपमधल्या दिव्याच्या जागी सरळ जाऊन आकडा लिहायचा, एवढंच करत आले. तसंच लिहिलं. प्रोग्राम सुरू झाला आणि तत्क्षणी मेला. पडद्यावर गाभ्याने सभ्य भाषेत कळवलं की अमुक प्रोग्रामने परवानगी नसलेल्या जागी लिहायचा प्रयत्न केला म्हणून त्याला थांबवलं आहे. मला राग आला. माझ्या हयातीत मला कुणी चिपमध्ये अडवलं नव्हतं. केतकी हसू दाबत म्हणाली, "मॅडम, दिवा ज्याच्याकडे आहे त्याला सांगावं लागतं. तो लावेल."

पण राग ओसरल्यावर मी पडद्याकडे नीट बघितलं. माझा प्रोग्राम मेला होता आणि बाकीचं सगळं चालू होतं. दुसऱ्या खोलीतला प्रोग्राम दर सेकंदाला आपली ओळ छापत होता, जणू शेजारी काही घडलंच नव्हतं. मी माझा प्रोग्राम पुन्हा सुरू केला, तो पुन्हा मेला, शेजारचा ढिम्म हलला नाही. मी दहा वेळा केलं. आमच्या डब्यांत एक काम चुकलं की सगळा डबा खुळा व्हायचा, आणि तो कुठे चुकला ते शोधताना आमची वर्षं गेली. इथे कुणीतरी काही हजार ओळींचा एक गाभा इतका जपून लिहिला होता की एकाच्या चुकीची झळ दुसऱ्याला लागत नव्हती, आणि वर चूक कुणाची, कुठल्या जागी, हेही तो सांगत होता. ज्यांनी तो लिहिला ती माणसं मला कधी भेटणार नाहीत. भेटली तर मी त्यांच्या पाया पडेन, वयाने लहान असली तरी.

केतकीने मग नमुन्यातच खोल्या वाढवल्या. एका खोलीत ठोकळा थांबवणारं काम. दुसऱ्या खोलीत काउंटर. गिऱ्हाइकांना जुन्यासारखाच काउंटर हवा म्हणून तिने माझाच जुना प्रोग्राम घेतला, एक अक्षरही न बदलता. माझी जुनी मांडणीही ठेवली. काउंटरच्या चार आकड्यांसाठी चार खण, आणि त्यांना लागूनच पाचवा खण, ज्यात प्रेसने थांबायचं की चालायचं ते लिहिलेलं असतं. शून्य म्हणजे थांब. एक म्हणजे चाल. काउंटरच्या शेजारी 'थांबा' असा दिवा असतो, त्यासाठी हा पाचवा खण वाचावा लागतो, म्हणून मी तेव्हा तो शेजारी ठेवला होता. केतकीने फक्त चौथ्या आणि पाचव्या खणाच्या मध्ये भिंत घातली. पाचवा खण थांबवणाऱ्या कामाचा, काउंटरने तो बघावा पण त्यात लिहू नये.

हे सगळं जोडून झालं तेव्हा जेवायची वेळ झाली होती. ठोक्यांच्या जागी खोटे इशारे देणारं एक छोटं यंत्र केतकीने लावलं, सेकंदाला दहा. "चालू दे, जेवून येऊ," म्हणाली. आम्ही तिघांनी डबे उघडले. भाऊसाहेबांच्या डब्यात आदल्या दिवशी टेस्टिंगला फाटलेल्या गिलक्याची भाजी होती, असं केतकी म्हणाली आणि भाऊसाहेबांनी तिला एक फोड वाढली. जेवण झालं, हात धुतले, अर्धा तास झाला असेल.

परत आलो तर पडद्यावर नवी ओळ होती. काउंटर मेला होता. थांबवणारं काम शेजारी सुरळीत चालू होतं. मी चष्मा लावून वाचलं. कुठल्या जागी लिहायला गेला होता? पाचव्या खणात.

"हा तिकडे कशाला गेला?" केतकी म्हणाली.

माझ्या पाठीमागे भाऊसाहेब आकड्यांच्या पट्टीकडे बघत उभे होते. काउंटर मेला तेव्हा पट्टीवर जे होतं तेच राहिलं होतं. चार शून्यं.

"हेच," भाऊसाहेब म्हणाले. "असंच दिसलं व्हतं."

मी खुर्ची ओढून घेतली. मी माझ्या हाताने लिहिलेलं मनात वाचत होते. आकडा घ्यायचा, शेवटून एकेक अंक सुटा करून एकेका खणात ठेवायचा, आकडा संपेपर्यंत. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवला चार अंक, चार खण. दहा हजारला पाच अंक. चार शून्यं चार खणांत, आणि उरलेला एक? तो पाचव्या खणात. आणि पाचव्या खणात एक म्हणजे चाल.

सातपूरमध्ये सगळे रोज काउंटर शून्यावर आणायचे. नारळासाठी न आणणारं एकच वर्कशॉप होतं.

केतकीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मीच बोलले. भाऊसाहेबांना बसवलं आणि जसं इथे सांगितलं तसं, खण मोजून सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "चौकशीत मला विचारलं होतं, संबंध आहे का. मी नाही म्हणाले. मी दहा हजारपर्यंत मोजून बघितलंच नव्हतं. चूक माझी होती भाऊसाहेब, तुमची नव्हती."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. चिडतील, रडतील, उठून जातील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, ह्यो नवा डबा हाय. ह्यानं काय केलं ते मला दिसलं. त्या वक्ताच्या डब्यानं काय केलं ते कुठं दिसलं?" मग म्हणाले, "तुमच्या कपाटात तसला जुना हाय. लावा."

रिले जोडायला सुरुवात करण्याआधीचा एक डबा माझ्या कपाटात होता, हे त्यांना माहीत होतं. मी तो कशासाठी ठेवला होता ते मलाही नीट सांगता येणार नाही. आम्ही तो टेबलावर जोडला. प्रेसऐवजी हवेचा व्हॉल्व्ह लावला. डब्याने 'चाल' म्हटलं की हा व्हॉल्व्ह फुस्स करून उघडतो, खऱ्या प्रेसमध्ये त्याच क्षणी ठोकळा सुटतो. पेडलची वायर जोडून पेडल टेबलाखाली ठेवलं. केतकीने इशारे सुरू केले. दहा हजारांना सतरा मिनिटं लागतात.

भाऊसाहेब स्टुलावर बसले आणि त्यांनी चपला काढून वर मांडी घातली. टेबलावर तीन बोटांचा हात ठेवला. मी म्हणाले, "अवघडून बसलात." ते म्हणाले, "असू द्या." आकडे पळत होते. पाच हजार, सहा हजार. बाहेर शिफ्ट बदलायची वेळ झाली होती, मोटारसायकली सुरू होत होत्या. आठ हजारला केतकी उठून खिडकीपाशी गेली. मी आकड्यांवरून नजर काढू शकत नव्हते. चूक तीच असावी असं मला वाटत होतं, आणि दुसऱ्याच क्षणी देवाला म्हणत होते की नसू दे, आणि मग या विचाराची लाज वाटत होती.

नऊ हजार नऊशे. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. चार शून्यं.

फुस्स.

व्हॉल्व्ह उघडा राहिला, हवा नुसती वाहत होती. पेडल टेबलाखाली होतं तसंच होतं. भाऊसाहेबांनी व्हॉल्व्हकडे बघितलं आणि मग मान खाली घालून आपल्या मांडी घातलेल्या पायांकडे.

"मॅडम," ते म्हणाले, "पाय वर हाईत माझे."

"हो," मी म्हणाले.

"सतरा वर्सं मलाच वाटायचं. समदे म्हनले तर आसंल राहिला पाय. घरात शब्दाला शब्द लागला की सिंधू म्हनायची, नारळाच्या नादात हात घालवला. मीबी म्हनायचो, व्हय बाई, घालवला." त्यांनी डाव्या हाताने पायाचा तळवा धरला होता. "उचलला व्हता ना मी?"

"उचलला होता."

केतकीने हवा बंद केली. मी म्हणाले की मी हे सगळं लिहून देते, साहेबांना देते, तेव्हाच्या मालकांनाही पाठवते, आणि ते मी पुढच्या दोन दिवसांत केलंही. भाऊसाहेबांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांचं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं. त्यांनी नंबर लावला. त्यांच्या पत्नी सिंधूताई त्या वेळी बाजारात झेंडू घेऊन बसलेल्या असतात. फोन उचलला गेला आणि मागचा गलका आमच्यापर्यंत ऐकू आला.

"अगं, मी पाय उचलला व्हता."

"कवा?" सिंधूताई ओरडून म्हणाल्या.

"त्या दिशी."

भाऊसाहेबांनी फोन कानापासून काढून माझ्यापुढे धरला. "तुमी सांगा तिला," म्हणाले. "तवा तुमीच बोलल्या व्हत्या."

मी फोन घेतला आणि म्हणाले, "सिंधूताई, मी कंपनीतली मॅडम बोलतेय. त्या दिवशी यांनी पाय उचलला होता."